एकेचाळीस गावं, एक दिवस आधी

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज गाव क्रमांक ३१८ नोंदवलं. यादी पूर्ण झाली. तिथल्या पोलीस पाटलांना अकरा वेळा फोन लावला, बाराव्यांदा लागला. ते म्हणाले, "भाऊबीजेनंतरचा पयला सोमवार. माह्या आज्यापासून तेच आहे." तरी मी गावातल्या आणखी एका म्हाताऱ्याला विचारलं. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तेच उत्तर दिल्याशिवाय 'मंडई कधी' या माझ्या ॲपवर तारीख चढत नाही. चार वर्षं हा नियम पाळतो आहे.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे माझ्या मुलीच्या, हर्षाच्या, पुण्याच्या मैत्रिणींना दर वर्षी सांगावं लागतं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव जत्रा भरते, ती मंडई. रात्रभर दंडारीचं नाटक, झुले, शिंगाडे, जिलेबी आणि घरभर पाहुणे. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. कुठे भाऊबीजेनंतरचा अमुक वार, तर कुठे दिवाळीपासून तिसरा, पाचवा दिवस. यजमान नुसतं "मंडईले या" म्हणतो, तारीख सांगत नाही. ती विचारणं म्हणजे परकेपणा. लेकी लांब दिल्या, पोरं नागपूर-पुण्याला गेली, त्यांनी विचारायचं कोणाला? म्हणून हे ॲप.

माझं शिक्षण दहावी. रेडिओ, मग टीव्ही, मग मोबाईल दुरुस्त करत आलो. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकून कधीच न नेलेल्या लॅपटॉपवर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कोड लिहायला शिकलो. आज साकोलीच्या या दहा बाय बाराच्या दुकानातून ११,२६० माणसं तारखा बघतात. लोकांना बोलायला ॲपमध्ये 'चावडी' नावाचं पान दिलं आहे. चूक सापडली तर कळवा, असं तिथे वरच लिहिलं आहे. आजवर कोणी कळवलेली नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बोरटोल्याचा राजकुमार आला होता. माझी बायको गिरजा हिचा मावसभाऊ, रक्षाचा बाप. मोबाईल चार्ज होत नव्हता. आत धानाचा कोंडा साचला होता, तो सुईने काढून दिला. त्याने आवाज खाली आणून सांगितलं, "भाऊजी, रक्षासाठी बपेऱ्याचे पाहुणे येऊन राहिले. मंडईले."

म्हणजे मुलगी बघायलाच, पण तसं कोणी म्हणायचं नाही. पाहुणे मंडईला आले, चहा प्याले, मुलगी दिसली. जमलं तर पुढे बोलायचं, नाही जमलं तर मंडई बघून गेले. कोणाचा अपमान नाही. म्हणून त्या दिवशी आधी फोनसुद्धा करत नाहीत. रीत चांगली आहे. माझ्या ॲपमुळे ती अजून सोपी झाली, हे मी राजकुमारला सांगितलं. तो हो म्हणाला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. लॅपटॉप, सोल्डरिंगची कांडी आणि मल्टिमीटर यांची पूजा केली. गिरजाने अनरसे केले, अकरा खाल्ले.

बुधवार, २२ ऑक्टोबर

चावडीवर तीन तक्रारी. नागपूरच्या रेणू नावाच्या बाईंनी लिहिलं: "मुलं, बॅगा घेऊन माहेरी पोचले, तर आई अंगण सारवत होती. मंडई उद्या आहे म्हणे. ॲपवर आज दाखवता?" लोक नीट वाचत नाहीत. मी लिहिलं, "कृपया गावाचे नाव तपासावे. एकाच नावाची दोन गावे असू शकतात."

बाईंनी मग थेट फोन केला. दुकानात दोघं जण उभे होते, म्हणून मी फोन मागे घरात गिरजाकडे दिला आणि ॲपचे फोन यापुढे तिनेच घ्यायचे असं ठरवलं. बराच वेळ बोलत होती. मग बाहेर येऊन मला म्हणते, "अवो, दिवाळीतच तं गडबड नाई ना केली तुमी?"

मी म्हटलं, "दिवाळीत काय गडबड करणार? ती काय मी ठरवतो?"

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळीतच गडबड आहे.

जसं आहे तसं लिहितो. प्रत्येक गावाचा नियम मी दोन माणसांकडून घेतला. पण दिवस मोजायला सुरुवात जिथून करायची, ती दिवाळीची तारीख इंटरनेटवरच्या एका तयार यादीतून उचलली. कोणीतरी कुठेतरी बसून साऱ्या देशासाठी केलेली यादी. यंदा अमावास्या दोन दिवसांत विभागली होती. त्या यादीत दिवाळी २० ऑक्टोबरला, आपल्याकडे २१ला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २१. मी स्वतः पूजा केली २१ला. आणि माझ्याच ॲपमध्ये २०.

वारावर चालणारी गावं सुटली. दिवाळीपासून दिवस मोजणारी एकेचाळीस गावं एक दिवस आधी लागली.

सकाळी सव्वाअकराला दुरुस्ती केली. एका आकड्याची. ॲप सगळ्यांकडे आपोआप नवं झालं, कोणाला काही करावं लागलं नाही. मग हर्षाला फोन केला. ती पुण्यात एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी बघते. म्हणाली, "बाबा, 'चूक' हा शब्द वापरायचाच नाही. आमच्याकडे 'तांत्रिक कारण' लिहितात. कबूल केलं की लोक स्क्रीनशॉट काढून फिरवतात."

त्याप्रमाणे चावडीवर टाकलं: "काही तांत्रिक कारणांमुळे काही गावांच्या तारखांत किरकोळ तफावत आढळून आली होती. ती दूर करण्यात आली आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

गिरजाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोनाचं सहकार्य? ते तं बिचारे बॅगा घेऊन उभे होते."

तिला हे लिखाण समजत नाही. मजकूर सुटसुटीत आहे.

शनिवार, २५ ऑक्टोबर

आज बोरटोल्याची मंडई. दिवाळीपासून पाचवा दिवस. आम्ही सकाळीच गेलो. रक्षाने निळी साडी नेसली होती. मागे वड्यांची कढई चढली होती. पाहुणे आले नाहीत. दुपार झाली तरी नाहीत. मग शेजारणीने भीतभीत सांगितलं की काल सकाळी एक जीप आली होती. सात माणसं, हातात मिठाईचा डबा. घराला कुलूप. सगळे शेतातल्या बांधीत धान कापायला गेले होते, रक्षासुद्धा. कोणी बोलवायला धावलं, तोवर जीप वळली.

यादी आठवली. बोरटोला एकेचाळिसात आहे. यादीत सतरावं.

पुढचं शेजारणीकडूनच कळलं. मुलाचे वडील मधुकरराव सर्वांसमोर म्हणाले, "ॲपवर आजचीच तारीख आहे." आणि मोबाईल काढून दाखवायला गेले. त्यावर पंचवीस. त्यांचा साडभाऊ, म्हणजे साडू, हसला, "मधुकरराव, चष्मा बदला आता." तेव्हा साडेअकरा वाजले असावेत. मी सव्वाअकराला बदलून बसलो होतो.

राजकुमार संतापला होता. "अचानक घर तपासाले आले ते, भाऊजी! आन् वरून तारखेचा बहाना. ॲपवर पंचवीसच आहे, मी पाह्यलं ना! खोटारडे लोक."

मी वडा खात होतो. खाली ठेवला. काही बोललो नाही. बोललो नाही हे इथे लिहून ठेवतो.

रक्षा मात्र म्हणाली, "फुफाजी, थंडे होऊन राहिले. खा." आणि आत गेली.

रविवार, २६ ऑक्टोबर

दुकान बंद. दिवसभर विचार केला.

मधुकरराव खोटं बोललेले नाहीत. त्यांनी पाहिलं ते तिथे होतं. मी ते काढून टाकलं आणि 'किरकोळ तफावत' म्हटलं. कोणती गावं, कोणती तारीख, काही लिहिलं नाही. आता त्यांच्या खरेपणाचा पुरावा फक्त माझ्याकडे आहे. मी गप्प राहिलो तर राजकुमार त्यांना खोटारडे म्हणणार, ते राजकुमारला कुलूप लावून पळालेला म्हणणार, आणि मुलीचं जमता जमता मोडणार.

उलट बोललो तर? दोन माणसांची साक्ष म्हणून गावोगाव मिरवणाऱ्या भैय्याजीला दिवाळी कधी ते माहीत नव्हतं, हे अकरा हजार लोकांना कळणार. ही साधी गोष्ट नाही. माझ्याकडे पदवी नाही. अचूकपणा एवढीच माझी पदवी.

संध्याकाळी चार पानी निवेदन लिहिलं. पंचांग, तिथीची सुरुवात आणि शेवट, कोडच्या अकरा ओळी, बपेऱ्याच्या पाहुण्यांची सारी हकिकत. गिरजाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"हे कोन वाचन?"

"ज्याला सत्य हवं आहे तो वाचेल."

"आन् त्या लोकायचं नाव कायले टाकता? पोरगी पाहाले गेलते, हे साऱ्या जिल्ह्याले सांगता का? रक्षानं तोंड कुठं दाखवावं?"

"मग मोघमच लिहू पुन्हा?"

"आपलं सारं सांगा. त्याईचं काहीच नका सांगू." ती सूप झटकत म्हणाली. "आन् ज्यानं पाह्यलं त्याचे डोये ठीक आहेत, एवढं लिवा. बास."

मी कोडच्या ओळी वगळायला तयार नव्हतो. मग वगळल्या.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सकाळी नऊ वाजता टाकलं. नक्कल इथे ठेवतो:

"मी भैय्याजी, हे ॲप बनवणारा. मी यंदा दिवाळी २० तारखेची धरली. ती २१ला होती. दुसऱ्याची यादी घेतली आणि तपासली नाही. त्यामुळे ४१ गावांची मंडई एक दिवस आधी दाखवली. शुक्रवारी सव्वाअकराला मी तारखा गुपचूप बदलल्या, ते त्याहून वाईट केलं. त्याआधी ज्यांनी जी तारीख पाहिली ती खरोखर तिथे होती. त्यांचे डोळे ठीक आहेत. चूक माझी, त्यांची नाही आणि त्यांच्या यजमानांचीही नाही. खाली ४१ गावांच्या जुन्या आणि नव्या तारखा."

दुपारपर्यंत २१४ प्रतिक्रिया. त्यांतल्या पंचवीस चांगल्याच झोंबणाऱ्या. एकाने विचारलं, "भैय्याजी, यंदा होळी कवा धरली?" दुसरा म्हणतो, "आमच्या सासऱ्याची तेरवी टाकू नका बावा ॲपवर, बाराव्यालाच जेवाले बसवान." एकोणीस जणांनी ॲप काढून टाकलं. हर्षाचा फोन आला, "बाबा, हे काय केलंत?" मी म्हटलं, "लिहिलं." ती म्हणाली, "आमच्याकडे असं कोणी लिहीत नाही." सूर रागाचा नव्हता.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. रेणूबाईंनी लिहिलं, "हे तर मला बुधवारीच सांगितलं होतं. म्हणून मी ॲप ठेवलं." त्यांचा काहीतरी गोंधळ होतो आहे. बुधवारी मलाच माहीत नव्हतं. त्यांच्याखाली आणखी आठ-दहा जणांनी "हो, मलाही" असं लिहिलं आहे. अशा वेळी लोकांच्या तारखांचा गोंधळ होतो.

राजकुमारला मात्र मीच फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तं वडा खाता खाता काहून नाई बोलले?" भ्यालो म्हणून, असं सांगितलं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

दुपारी दोन वाजता एक उंच, सडपातळ गृहस्थ दुकानासमोर येऊन उभे राहिले. धोतर नाही, पँट, पण गळ्यात दुपट्टा. अडीच तास बसने आले होते.

"भैय्याजी कोन?"

"मी."

"माहे डोये ठीक आहेत म्हनून तुमी लिवलं?"

उठून उभा राहिलो. हात आपोआप जोडले गेले. "हो जी. मीच."

मधुकररावांनी मोबाईल काउंटरवर ठेवला. त्यावर माझं निवेदन उघडं होतं. "हे कागदावर द्या. माहा साडभाऊ साधा फोन वापरते. तो म्हनते, मोबाईलवर काय, कोनी बी काय बी लिवते."

"देतो."

"सही?"

"देतो."

"शिक्का?"

शिक्का आहे. शोधायला आत गेलो. शाईची डबी वाळली होती, तिच्यात पाणी घालून, जुन्या वर्तमानपत्रावर सहा वेळा मारून बघितला. अस्पष्ट शिक्का देणं मला जमत नाही. मग बोरटोल्याची ओळ ठळक करून छापली, जुनी तारीख, नवी तारीख, बदलल्याची वेळ. या सगळ्याला वीस मिनिटं लागली असतील.

बाहेर आलो तर मधुकरराव स्टुलावर बसून चहा पीत होते आणि गिरजा दाराला टेकून बोलत होती.

"कुलूप तुमच्यासाठी नव्हतं हो दादा. बकऱ्या घरात घुसतेत, त्याईच्यासाठी होतं. हलका धान आडवा पडला होता. पोरगी बी गेलती कापाले. घरी बसून नट्टापट्टा करनाऱ्यातली नाई ते."

"धान कापते?"

"बांधते बी."

मधुकरराव हसले. पहिल्यांदाच. मी कागद दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, शिक्क्यावर बोट फिरवलं, घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "माहा बाप सावकाराच्या घरी नोकरीले होता. मोठी मानसं चुकले की आवाज चढवत. तुमी तं सव्वाअकरा बी लिवलं."

"सव्वाअकराच झाले होते," मी म्हटलं.

मग मी चिचटोल्याची मंडई सुचवली. रविवार, २ नोव्हेंबर, बोरटोल्यापासून तीन किलोमीटर, राजकुमारची मोठी बहीण तिथे दिलेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गिरजा म्हणाली, "हो, तेच बोलून राहिलो होतो." कागद हातात पडल्यावर माणूस किती लवकर निवळतो, हे आज पाहिलं.

शनिवार, १ नोव्हेंबर

स्कूटरने चिचटोल्याला जाऊन आलो. तारीख फोनवर पक्की होती, तरी डोळ्यांनी बघितली. झुल्याचे खांब उभे झाले आहेत. जिलेबीवाल्याला विचारलं, मंडई कधी? तो म्हणाला, "उद्या. तुमी तेच ना, दिवाळीवाले?" हो म्हटलं. त्याने एक जिलेबी दिली.

रविवार, २ नोव्हेंबर

बपेऱ्याची जीप साडेदहाला आली. या वेळी आठ माणसं, साडभाऊही होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शिक्का असलीच आहे ना?"

मुलगा मनिष कमी बोलणारा. ट्रॅक्टर, मळणीयंत्र दुरुस्त करतो, हे कळल्यावर मी त्याच्याशी बेअरिंगबद्दल बोललो. ज्ञान चांगलं आहे. रक्षाने चहा आणला. मधुकररावांनी सर्वांदेखत तिला विचारलं, "धान किती कापला?"

ती म्हणाली, "अडीच बांध्या. तुमी आले तवा तिसरी चालू होती. आवाज दिला असता तं विळा घेऊनच आली असती."

साडभाऊच सर्वांत आधी हसले.

नंतर सगळे मंडईत फिरायला गेलो. गिरजा शिंगाड्यांच्या ढिगापाशी भाव करत होती, तेवढ्यात दोन मुलांना धरून चाललेली एक बाई थबकली. गिरजाच्या तोंडाकडे नाही, आवाजाकडे बघत असल्यासारखी. "वहिनी, तुमी मंडईच्या ॲपवाल्या ना? मी रेणू. फोनवर बोललो होतो आपण."

दोघी गळ्यात पडल्या. रेणूबाई मला म्हणाल्या, "मी भांडायलाच फोन लावला होता. या म्हणाल्या, 'चुकलं आमचं बाई, आईले म्हना आज भाजी-भाकर टाक, उद्या वडे कर.' मग भांडायचं कोणाशी?"

परत येताना स्कूटरवर विचारलं, "तू बुधवारीच चुकलं म्हणून सांगितलंस?"

"हो."

"किती जणांना?"

"मोजले नाई. फोन वाजे तसं सांगे. साठेक असतीन."

"पण तेव्हा चावडीवर माझं आधी 'गावाचे नाव तपासावे' आणि मग 'तांत्रिक कारण' होतं. ॲपचं अधिकृत म्हणणं एक आणि फोनवर दुसरं, असं चालत नाही, गिरजा."

"मंग आता तं एकच झालं ना?" ती मागून म्हणाली. "गड्डा आहे समोर."

गड्डा होता. चुकवला. पुढच्या वर्षी फोनवर काय बोलायचं ते लेखी करून ठेवावं लागेल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मोजणाऱ्याने मोजावं म्हणून लिहितो: ॲप काढून टाकलेल्या एकोणिसांपैकी अकरा परत आले. नवे ३४६. चावडीवर आता लोक आपणहून चुका कळवतात, या आठवड्यात सात. पाच खऱ्या निघाल्या. पाचही माझ्या नावाने मांडल्या.

दुपारी मधुकररावांचा फोन. गिरजाने उचलला, पाऊण तास बोलली, मग मला दिला. जमलं आहे! साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, पुढच्या महिन्यात बोरटोल्याला. मधुकरराव म्हणाले, "त्या दिवशी लग्नाची तारीख काढाची आहे. पंचांग पाहाले महाराज येतीन. पन लिवाले तुमी बसा, भैय्याजी. आमच्याकडचे सारे म्हनून राहिले. चुकलं तं सांगनारा मानूस पाह्यजे."

मी म्हटलं, या वेळी चुकणार नाही. ते म्हणाले, "चुकलं तरी या."

दोन दिनदर्शिका आणि एक पंचांग आजच घेऊन आलो. कोरी वही आणि नवी शाईची डबीही घेतली. गिरजा म्हणाली, तिला मधुकररावांनी वेगळं आवतन दिलं आहे, आठ दिवस आधीच येऊन राहा म्हणाले. साहजिक आहे. मी जाणार म्हटल्यावर तिला बोलावणारच.